पहिल्या घरासाठी पैसे साठवताना हात आखडायचा कसा?

आसरा_चौक
नमस्कार मंडळी. मी आणि बायको, दोघंही सोलापुरातच खासगी नोकरीत आहोत. दोघांचे मिळून महिन्याला ५८,००० च्या आसपास हातात येतात. जुळे सोलापुरात भाड्याने राहतो, भाडं ९,०००. विजापूर रोडच्या बाजूला टू बीएचके बघून ठेवलाय, भाव ३२ लाखांपर्यंत. अडीच लाखांची एफडी आहे, बाकी पाटी कोरी.

घरात व्यसन कोणाला नाही, चैनही फार नाही. तरी वीस तारखेनंतर खातं रिकामं दिसतं. हिशेब मांडला की सगळे खर्च बारीक निघतात. दहा मिनिटांत घरी येणारं सामान, सेल लागला म्हणून घेतलेले बूट, नवी पेठेत सहज चक्कर मारली आणि पोराला घेतलेला ड्रेस. एकेक खर्च बघितला तर चुकीचा वाटत नाही, पण महिन्याची बेरीज दहा-बारा हजारांवर जाते.

स्वतःचं घर व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी असे पैसे उभे केलेत त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. "खर्च कमी करा" एवढं आम्हालाही कळतं. कसा कमी केला, ते हवंय.

शेंगा_चटणी
सगळ्यात आधी फोनमधली ती दहा मिनिटांची अ‍ॅपं काढून टाका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे चालत जायचं म्हटलं की निम्म्या वस्तू नकोशाच होतात.

बाळीवेस
+१. दुकानांच्या अ‍ॅपमध्ये साठवलेलं कार्डही काढा. सोळा आकडे दरवेळी हाताने टाकायचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा कामाला येतो.

हिशेबनीस
आसरा चौक, तुमचा प्रश्न मी उलट्या बाजूने मांडतो. किती खर्च कमी करायचा हे नंतर बघू. आधी किती लागणार ते बघा.

३२ लाखांचा फ्लॅट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे कर्ज २८ लाख ८० हजार, तुमचे ३ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क मात्र या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून भरावं लागतं. महापालिका हद्दीत साधारण ६ टक्के धरा, १ लाख ९२ हजार झाले. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर जात नाही. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, मीटर, सोसायटीचे पैसे असे पन्नास-साठ हजार वेगळे. एकूण सहा लाखांच्या घरात जातं. बरेच जण नुसते १० टक्के जमवतात आणि रजिस्ट्रीच्या आदल्या आठवड्यात उसनवारीला निघतात.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये, म्हणजे तुमच्या कर्जाला जवळपास २५,०००. आज तुम्ही घरापोटी ९,००० भरता. मधला फरक १६,००० चा.

हा १६,००० चा फरक आजपासूनच भरायला सुरुवात करा. पगार झाला की दुसऱ्या बँकेतल्या आरडीत तो आपोआप जाऊ द्या. तीन वर्षांत मुद्दल ५ लाख ७६ हजार होते, व्याज धरून सहा लाखांच्या पुढे. पैसे तर साठतातच, शिवाय २५,००० चा हप्ता आपल्याला झेपतो का ते कर्ज घेण्याआधी कळतं. चार महिन्यांत दम लागला, तर ३२ लाखांचं घर आपल्या आवाक्यातलं नाही हे फुकटात समजलं. मग २६-२७ लाखांचं बघायचं.

बुटांचा आणि ड्रेसचा हिशेब त्यानंतर ठेवायची गरजच पडत नाही. खात्यात जे उरलं ते खर्चायचं.

रेल्वेलाइन्स
हिशेबनीस काका, असा प्रतिसाद वाचला की या धाग्यांवर यायचं सार्थक वाटतं. एक भर घालतो. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ३२ लाखांवर ३२,००० वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला तर ती मिळत नाही.

कविता_दक्षिण
आरडी पोस्टात काढली तर चालेल का? आमच्याकडे एजंट काकू घरी येतात. त्यांच्या धाकाने तरी भरले जातील.

हिशेबनीस
कविताताई, धाक चांगलाच आहे. पण पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांनंतर मोडता येते, मात्र व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. पाच वर्षं थांबणार असाल तर पोस्ट. तीन वर्षांत घ्यायचं असेल तर बँकेची तीन वर्षांची आरडी.

लूमवाला
पगार महिन्याला एकदा येणाऱ्यांना हे जमतं. आमच्या पूर्व भागात बहुतेकांचा पगार आठवड्याला. हातात रोख, आणि कारखान्यातून घरी येईपर्यंत वाटेत चार ठिकाणी मोडते. आमच्या आईने साधा नियम केला होता. पगाराच्या दिवशी आधी घरी यायचं, देवासमोर पैसे ठेवायचे, मग चहाला बाहेर पडायचं. ती स्वतः विड्या वळायची. त्याच पैशांतून भिशी भरून तिने खोलीवर पक्कं छत टाकलं.

आणि साठवणं फक्त बँकवाल्यांनाच जमतं असं कोणी समजू नये. कुंभारीजवळचं रे नगर बघा. ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे लोक तिथे घरमालक झालेत. सरकारी अनुदान होतं हे खरं, पण आपल्या वाट्याचे पैसे त्यांनी पोटाला चिमटा काढूनच भरलेत.

शेंगा_चटणी
मालक, आधी घर मग चहा हा नियम मला फार आवडला.

चाटी_गल्ली
मी या विषयावर काउंटरच्या पलीकडून बोलते. मी साड्यांच्या दुकानात काम करते, आणि भाऊ मोबाइलच्या दुकानात.

आमच्याकडे बाई आली आणि म्हणाली, "साधी दाखवा, आठशेपर्यंत." आम्ही आठशेच्या दोन साड्या गादीवर टाकतो आणि लगेच त्यांच्या शेजारी अठराशेची एक उलगडतो. "घेऊ नका ताई, नुसती बघा." पदर तिच्या खांद्यावर ठेवला की तिच्यासोबत आलेली बहीण बोलते, "छान दिसते गं." आठशेची साडी तिथेच फिकी पडते. यात फसवणूक नाही, साडीही चांगलीच असते. पण घरून ठरवून आलेला आकडा गादीवर टिकत नाही. जिचा टिकतो, ती बाई आठशे रुपये मोजून पाकिटात घालून आणते आणि फोन घरी ठेवते. अशा गिऱ्हाइकाशी आम्ही ओढाताण करत नाही.

भाऊ तर किंमत सांगतच नाही. २८,००० चा फोन असेल तर म्हणतो, "महिन्याला फक्त २,३३३, व्याज शून्य." माणूस २८,००० ला बिचकतो, २,३३३ ला मान हलवतो.

म्हणून सांगते, दुकानात जाऊन मन घट्ट करणं फार अवघड आहे. समोर बसलेल्याचं ते रोजचं काम आहे. ठरवायचं ते घरी.

मास्तर
चाटी गल्ली ताई, हा प्रतिसाद सोन्याच्या मोलाचा आहे.

हिशेबनीस
त्या "शून्य व्याज" हप्त्याबद्दल. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. व्याज कुठेतरी मुरलेलं असतं. रोखीची सूट मिळत नाही, प्रोसेसिंग फी लागते, वर जीएसटी.

पण घर घेणाऱ्याचं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. गृहकर्ज ठरवताना बँक तुमच्या पगारातून चालू हप्ते वजा करते. लाखाला ८६८ चा हिशेब लावा. २,३३३ चा हप्ता चालू असेल तर कर्जाची पात्रता जवळजवळ पावणेतीन लाखांनी घटते. दोघांचे दोन फोन आणि एक टीव्ही मिळून महिन्याला ७,००० जात असतील तर आठ लाख गेले.

क्रेडिट कार्डावर "किमान रक्कम" भरून बाकी पुढे ढकलत असाल तर आधी ते मिटवा. तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, आणि शिल्लक राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होतं. ७ टक्क्यांची आरडी भरत ४० टक्क्यांचं कर्ज वागवण्यात काही राम नाही.

आसरा_चौक
काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात एका फोनचा आणि फ्रिजचा हप्ता चालू आहे. दोन्ही येत्या उन्हाळ्यात संपतात. नवा कुठलाही हप्ता चालू करायचा नाही, एवढं आजच बायकोशी बोललो.

पुण्यात_पण_सोलापूरचा
मी छोट्या खर्चांसाठी यूपीआय लाइट वापरतो. त्यात ५,००० पर्यंतच ठेवता येतात आणि एका वेळी १,००० च्या वर जात नाहीत. दर सोमवारी १,५०० टाकतो. भाजी, पेट्रोल, चहा, वडापाव सगळं त्यातूनच. संपले की सोमवारची वाट बघायची.

बाळीवेस
मला हे पटत नाही. लाइटला पिन लागत नाही, त्यामुळे पैसे आणखी सहज जातात. मी उलट केलं. पगाराच्या खात्याचं यूपीआय बंद केलं, दुसऱ्या एका खात्यात महिन्याचा घरखर्च टाकतो आणि फोनला तेवढंच जोडलंय. पिन टाकताना क्षणभर तरी विचार होतो.

पुण्यात_पण_सोलापूरचा
ज्याचं त्याचं. मात्र लाइटमध्ये पैसे आपोआप भरण्याची सोय असते ती बंद ठेवा, नाहीतर सोमवारला अर्थच उरत नाही.

कविता_दक्षिण
सगळे जण चहा, वडापाव आणि बूट धरून बसलेत. आमच्या घरी पैसे जातात ते आहेरात. लगीनसराईत महिन्याला चार पत्रिका. सख्ख्या नात्यात साडी-पोशाख, लांबच्या नात्यात पाकीट, शिवाय गावी जायचं-यायचं. हे काही अचानक सुचलेले खर्च नाहीत, पण नाहीही म्हणता येत नाही. सासूबाईंना "आम्ही घरासाठी साठवतोय" म्हटलं तर त्या म्हणतात, "घर काय, होईल की. माणसं तुटायला नकोत." त्यांचंही बरोबरच आहे.

मधला_मारुती
ताई, आमच्याकडे हेच होतं. आम्ही सासऱ्यांना सोबत घेऊन फ्लॅट बघायला गेलो. त्यांनी बाल्कनीत उभं राहून बघितलं, नळ उघडून बघितला, बिल्डरला दहा प्रश्न विचारले. त्या दिवसापासून ते घर त्यांचंही झालं. पुढच्या लग्नाला त्यांनीच सांगितलं, "पाकीट करा, पोशाखाचं राहू द्या, पोरं घर घेतायत." आपण सांगून जे झालं नसतं ते त्यांच्या एका वाक्याने झालं. वर्षाच्या सुरुवातीला आहेराचे पैसे एका डब्यात वेगळे काढले. त्यात भागवायचं.

सैफुल
आणि गड्डा? 😄 संक्रांतीला होम मैदानावर पोराला नेलं की पाळणे, मौत का कुआँ, भेळ, खेळणी. त्याला कुठला नियम लावता?

मधला_मारुती
गड्ड्याला नियम लावायचा नाही. सिद्धेश्वर महाराजांची यात्रा वर्षातून एकदा येते. वर्षभर त्यासाठी शे-दोनशे बाजूला टाकायचे आणि मोकळ्या मनाने खर्चायचे.

मास्तर
सहमत. तीन वर्षं सगळंच बंद केलं तर चौथ्या महिन्यात बांध फुटतो. माझं मत असं की दोघांनाही दरमहा थोडे तरी पैसे स्वतःचे म्हणून हवेत, ज्यांचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. नवरा-बायकोची भांडणं बूट घेतल्यावरून होत नाहीत, विचारलं नाही म्हणून होतात.

लूमवाला
भिशीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या गल्लीत वीस जणांची आहे, महिन्याला ५,०००. शिस्त लागते, कारण चारचौघांत शब्द जातो.

रेल्वेलाइन्स
अण्णा, ओळखीतली छोटी भिशी एक वेळ ठीक. घराचे सगळे पैसे त्यात नकोत. आमच्या नातेवाइकांची भिशी चालवणारा मधेच गाव सोडून गेला, कागद एकही नव्हता. एका पतसंस्थेतही त्यांचे पैसे दोन टक्के जादा व्याजापायी अडकले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. घराचा पैसा जादा व्याजाच्या मागे लावू नये असं मला कळकळीने वाटतं.

जागरूक_ग्राहक
धागाकर्त्याला एक महत्त्वाची गोष्ट. तुमचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत असेल आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान बघा. योजना १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत.

तुमचा फ्लॅट ३२ लाखांचा, म्हणजे किंमत बसते. पण २८ लाख ८० हजारांचं कर्ज घेतलंत तर बाहेर पडता. कर्ज २५ लाखांवर आणायला ३ लाख ८० हजार जादा साठवावे लागतील.

हिशेबनीस
उत्तम मुद्दा. म्हणजे लागणारी रक्कम सहाऐवजी दहा लाखांच्या जवळ जाते. आरडीचे सहा-सव्वासहा, हातातले अडीच लाख, आणि तीन दिवाळ्यांचे बोनस न मोडता ठेवले तर जमतं. हप्ताही २५,००० वरून २१,७०० वर येतो. बोनस आला की त्याच दिवशी एफडी करा, खात्यात रात्रभरही ठेवू नका.

सैफुल
अवांतर: फ्लॅट बघताना पाण्याचं आधी विचारा. आपल्याकडे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी. खालची टाकी किती लिटरची, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का वेगळे, हे तिथे राहणाऱ्यांना विचारायचं. ऑफिसमध्ये विचारलं तर "भरपूर आहे" हेच उत्तर येतं.

बाळीवेस
अवांतर कसलं, ते तर सगळ्यात मुद्द्याचं. टँकरच्या पैशांत एक छोटा हप्ता जातो.

जुना_वाडा
हद्दवाढ भागातल्या गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगी न घेता तुकडे पाडून विकलेल्या, जागा स्वस्त मिळतात म्हणून बघायला जाणाऱ्यांनीही सांभाळा. नियमित झालेली नसेल तर बँक कर्जाला उभी करत नाही.

चाटी_गल्ली
एक राहिलं. आसरा चौक दादा, तुम्ही बूट आणि ड्रेस म्हणता, पण दुकानात बसून मी एक बघितलंय. सगळ्यात मोठी न ठरवता केलेली खरेदी पुष्कळदा घराचीच असते. आमच्या दुकानातल्या एकीने दसऱ्याला नुसतं बघायला म्हणून जाऊन लाख रुपये भरले. "आज बुक केलं तर मॉड्युलर किचन फुकट." नंतर कळलं की तो मजला बँकेला मान्यच नव्हता. पैसे परत मिळायला वर्ष गेलं. आमची गादी आणि ते ऑफिस, बोलायची तऱ्हा एकच.

जागरूक_ग्राहक
अगदी खरं. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजूर नकाशा, मजले, पूर्ण होण्याची तारीख, सगळं घरबसल्या दिसतं. चटई क्षेत्रावरच भाव विचारा. "सुपर बिल्टअप" वगैरे ऐकायचं नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का, एरवी ५ टक्के. म्हणजे फुकट किचनची किंमत कुठून निघते ते बघा.

आसरा_चौक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून ठरवलं ते सांगतो.

आरडी १६,००० ची, दुसऱ्या बँकेत, तीन वर्षांसाठी. कर्ज २५ लाखांच्या आतच ठेवायचं हे लक्ष्य. पगाराच्या खात्याचं यूपीआय बंद, घरखर्चाचं खातं वेगळं. दोघांना प्रत्येकी १,५०० स्वतःचे, त्याचा हिशेब नाही. आईबाबांना पुढच्या रविवारी फ्लॅट दाखवायला नेणार आहोत. बुकिंग मात्र नाही, हे जाण्याआधीच ठरलंय, आणि चेकबुक घरीच राहील.

एक शंका आहे. माझा पगार एक तारखेला होतो, बायकोचा कधी तीनला, कधी पाचला. आरडीची तारीख कुठली ठेवावी?

हिशेबनीस
तुमच्या एकट्याच्या पगारातून १६,००० निघत असतील तर दोन तारीख. तिचाही वाटा लागत असेल तर दोन आरड्या करा. तुमच्या खात्यातून १०,००० ची, दोन तारखेला. तिच्या खात्यातून ६,००० ची, सात तारखेला. एकच ठेवून खात्यात पैसे कमी पडले तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. शिवाय तिच्या खात्यातून तिच्या नावाने साठलेले पैसे राहिले तर उद्या फ्लॅट तिच्या नावावर घेताना रक्कम कुठून आली हे दाखवायला सोपं जाईल.

शेंगा_चटणी
आणि आरडीची पावती सासऱ्यांच्या हातात द्या. दर महिन्याला तेच विचारतील, भरला का म्हणून. 😄